केसभर कमी

सुज्ञ वाचकांस प्रारंभीच नम्रपणे सांगणे अवश्य आहे की, पुढील कथनात एका मनुष्याने दुसऱ्या मनुष्याविषयी उच्चारलेल्या एका वाक्याचा वृत्तांत येणार आहे. ते उच्चारण्यास एक श्वासही पुरा लागला नाही. परंतु त्याचे ओझे सोळा वर्षे वाहिले गेले, आणि ते कोणी वाहिले याविषयी खुद्द उच्चारणाऱ्याचीच समजूत चुकीची होती. त्याच्या मनात हे सारे ज्या क्रमाने उलगडले, त्याच क्रमाने ते येथे मांडले आहे.

सन दोन हजार दोनच्या चैत्रात, ज्याला तंजावुरात मराठी घरांतूनही चित्रै म्हणण्याचाच प्रघात आहे, त्या महिन्यातील एका मंगळवारी सकाळी शेषगिरीराव संगणकासमोर बसले होते आणि पडद्यावर एक चित्र वरून खाली उतरत होते. टेलिफोनच्या तारेतून येणारे चित्र एकदम येत नसे; पट्टीपट्टीने येई, जणू कोणी पडदा अंगुळभर सोडून पुन्हा थांबावे. प्रथम प्लास्टिकच्या डबीची कड दिसली, मग वरच्या चिठ्ठीवरील नऊ हा आकडा, मग टोपी, मग एका तरुण गोऱ्या खेळाडूचे कपाळ, डोळे, हनुवटी. आणि नंतर कॉलर उतरली तेव्हा शेषगिरीरावांचा कापीचा, म्हणजे कॉफीचा, पितळी डवरा ओठांपाशी जाता जाता थांबला. कॉलरच्या टोकाशी मोहरीच्या दाण्याएवढाही नसलेला एक निळा ठिपका होता. छपाईच्या पत्र्यावर धुळीचा कण बसला की तेथे असा ठिपका उठतो, आणि त्याचा आकार दुसऱ्या ठिपक्यासारखा कधीही नसतो. हा ठिपका त्यांनी पूर्वी पाहिला होता. डवरा खाली ठेवून त्यांनी खणातली वही काढली. मार्गळी महिन्यातली, म्हणजे चार महिन्यांपूर्वीची नोंद सापडली: कॉलरवर निळा ठिपका, खालचा उजवा कोपरा बोथट, आकडा सात. पडद्यावर आता खालचा उजवा कोपरा उतरत होता. तो सुईसारखा टोकदार होता.

दक्षिण वीथीवरील सायकलच्या दुकानाच्या माडीवर श्रीकरने हे कार्यालय थाटले त्याला दीड वर्ष झाले होते. श्रीकर हा शेषगिरीरावांच्या मावसबहिणीचा मुलगा. अमेरिकेत तीन वर्षे राहून आलेला. तिकडे बेसबॉल नावाच्या खेळातील खेळाडूंची जुनी चित्रपत्रे, आपल्या पोस्टकार्डाहून लहान अशी, लोक मोठ्या किमतीला विकत घेतात. ती पारखून, त्यांस एक ते दहापैकी दर्जाचा आकडा देऊन, पारदर्शक डबीत कायमची बंद करणाऱ्या संस्था तेथे आहेत, हे प्रथम ऐकले तेव्हा शेषगिरीरावांना ती थट्टा वाटली होती. परंतु तिकडचा एक दुकानदार अशी पत्रे संगणकावरूनच, प्रत्यक्ष न पाहता, परक्या विक्रेत्यांकडून विकत घेत असे, आणि पैसे पाठविण्यापूर्वी डबीवरचा आकडा विश्वासार्ह आहे की नाही हे चित्र पाहून सांगणारा डोळा त्याला हवा होता. असा डोळा तंजावुरात कोठे मिळेल, असे श्रीकरने विचारले, तेव्हा घरातल्या साऱ्यांनी एकाच माणसाकडे बोट दाखविले. शेषगिरीरावांनी खेळावयाचे पत्ते छापणाऱ्या कारखान्यात सव्वीस वर्षे छापील माल पारखला होता. परदेशी पत्ते स्वस्तात येऊ लागल्यावर तो कारखाना बंद पडला. डोळा मात्र तसाच राहिला. चार कोपरे, चार कडा, पृष्ठभाग, चौकट मध्यावर आहे की एका बाजूस सरकली आहे, आणि दिसणारा ओरखडा पत्रावरचा की डबीवरचा, इतक्या गोष्टी ते एका नजरेत टिपत आणि मग खातरजमेसाठी दुसऱ्यांदा पाहत.

आज त्यांनी पाचव्यांदा पाहिले. पत्राची कड आणि डबीची आतली भिंत यांच्यामधली फट उजवीकडे थोडी रुंद वाटत होती. बोथट झालेला कोपरा कोणी जुनी डबी फोडून धारदार पात्याने कडेसह उतरवला असता तर असेच दिसले असते. पत्र कोरे करकरीत दिसते, नव्या डबीवर दर्जाचा आकडा वाढतो, आणि ते खऱ्या मापाहून लहान झाले आहे हे मोजल्यावाचून कोणास कळत नाही. ‘कापणीत केसभर कमी आहे,’ असे वाक्य त्यांच्या मनात उमटले. ते त्यांनी योजले नव्हते. ते आले आणि त्यासरशी सरसाचा वास आला. पुठ्ठ्याचे थर चिकटविण्यासाठी कारखान्यात शिजवीत असत त्या सरसाचा, आंबूस, गळ्यात बसणारा वास. सायकलच्या दुकानातून तेलाचा आणि रबराचाच वास येत होता. तरीही शेषगिरीरावांनी खांद्यावरचे तुंडु नाकाशी धरले.

शेजारच्या मेजावरील अखिलाने वही वाचली. बावीस वर्षांची ती मुलगी, राजवाड्यामागच्या गल्लीतच त्यांच्या घरापासून तिसऱ्या दारी राहणारी, बोलण्यात कोणास हार जाणारी नव्हती. “मामांला काल मामींनी कोणतें पुडवें नेसलें होतें तें आठवत नाहीं,” ती श्रीकरला म्हणाली, “पण अमेरिकेंतल्या माणसाच्या कॉलरवरला ठिपका मार्गळीपासून ध्यानांत आहे.” श्रीकर उठून आला, दोन्ही हात मेजावर टेकून वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. त्या दुकानदाराने पूर्वीच कळविले होते की कापलेली पत्रे खपविणाऱ्यांची एक यादी तो करीत आहे. त्या यादीत ज्याचे नाव जाईल त्याच्याशी तिकडचा कोणताही दुकानदार पुन्हा व्यवहार करणार नाही. आजवर या माडीवरून एकही नाव गेले नव्हते. विक्रेत्याचे नाव चित्राखालीच होते: हॅरल्ड असा कोणी गृहस्थ, ओहायो नावाच्या प्रांतातील लहानशा गावचा.

“मामा, एक शब्द लिहा. कापलेलें. बस्स,” श्रीकर म्हणाला. “पुढचें मी पाहतों.”

शेषगिरीरावांनी शनिवारपर्यंत मुदत मागितली. श्रीकरला आश्चर्य वाटले, कारण मामा मुदत मागणारे नव्हते. तो इतकेच म्हणाला की, वही आहे, डोळा आहे, मग अडते कोठे? त्याचे उत्तर शेषगिरीरावांपाशी होते. परंतु ते श्रीकरला देण्याजोगे नव्हते.

ते उत्तर एकोणीसशे पंच्याऐंशीच्या कार्तिगै महिन्यात होते. त्या वर्षी आदल्या ऐप्पसी महिन्यापासून पाऊस लागला तो खळला नाही. कारखान्याच्या भिंतींना हिरवी बुरशी आली होती. मदुरैच्या एका क्लबाने दोनशे कॅट पत्त्यांची मागणी केली होती, आणि मालकाची आज्ञा होती की प्रत्येक पत्ता नमुन्याच्या पत्त्याशी मिळून आला पाहिजे. कारण पत्ता केसभर जरी लहान-मोठा असला तरी खेळणाऱ्याच्या बोटांना तो पाठीकडूनच ओळखू येतो, आणि मग तो खेळ राहत नाही. कटिंग मशीनवर सुब्रमण्यम होता. तोही तंजावूरचाच, मराठी घरातला, शेषगिरीरावांच्याच वयाचा. एकाच साली दोघे कामास लागले होते आणि दुपारी एकमेकांच्या डब्यातले भात-पचडी खात होते. सुब्रमण्यमचा उजवा हात पात्याच्या दांड्यावर असला म्हणजे तो दांडा ओढीत आहे असे वाटत नसे. दांडा स्वतःहून खाली येत आहे आणि हात त्याला सोबत करीत आहे, असे दिसे. त्या दिवशी शेषगिरीरावांनी तळघरातल्या कपाटातून नमुन्याचा कॅट काढला, सुब्रमण्यमने कापलेला पत्ता त्यावर ठेवला, बोटाने कड चाचपली. बोट नमुन्याच्या कडेवर अडले. दुसरा पत्ता, तिसरा, दहावा, सारे तसेच. ते मालकाकडे गेले आणि म्हणाले, “कापणीत केसभर कमी आहे.” दोनशे कॅट वाया गेले. मालकाने त्याच संध्याकाळी सुब्रमण्यमला हिशेब देऊन घरी पाठविले. जाताना सुब्रमण्यमने हात धुतले, पुसले, आणि “जाऊन येतों,” इतके नेहमीचे शब्द उच्चारून तो पायऱ्या उतरला.

पुठ्ठा हवेतले पाणी पितो, हे त्या कारखान्यातल्या झाडूवाल्यासही ठाऊक होते. शेषगिरीरावांस तर ते सर्वांत अधिक ठाऊक असावयास हवे होते. परंतु नमुना हा नमुना असतो. ज्याने सारे मोजावयाचे ते स्वतः फुगले असेल, ही शंका मापणाऱ्याच्या मनात येत नाही. मासी महिन्यात, फाल्गुनाच्या कोरड्या उन्हात, तळघर उघडून सामान वाळत घातले तेव्हा तो नमुन्याचा कॅट पुन्हा त्यांच्या हाती आला. मेजाच्या खणात सुब्रमण्यमच्या हातचा एक पत्ता राहिला होता. चौकटची राणी होती. त्यांनी ती सहज नमुन्यावर ठेवली. बोट कोठेही अडले नाही. दोन्ही कडा एकाच कडेसारख्या होत्या. त्यांनी ती उलटून ठेवली, फिरवून ठेवली. बाहेर अंगणात कोणी चटया झटकीत होते. सुब्रमण्यमने कापणी बरोबर केली होती. फुगला होता तो कपाटातला नमुना. आता मालकास सांगावे, असे त्यांच्या मनात आले. आणि मग असेही आले की, माल तर रद्दीत गेला, नवीन कापणारा आला, सुब्रमण्यम पापनाशमला सासुरवाडीच्या गावी स्थिरावला असे ऐकतो, आता सांगून कोणाचे काय परत येणार? त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा त्यांच्याच शब्दावर कारखान्यात लागला होता. पारखणाऱ्याचा डोळा चुकला हे एकदा कळले म्हणजे त्याचा कोणताच शब्द उरत नाही. ती राणी त्यांनी चुलीत घातली नाही, जपूनही ठेवली नाही. कचऱ्यात टाकली, आणि मग वर्षे गेली.

शेषगिरीरावांची इतकी वर्षांची समजूत अशी होती की, सुब्रमण्यमला सारे ठाऊक असले पाहिजे. आपला हात चुकला नव्हता हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? पापनाशमच्या ज्या भाताच्या गिरणीत तो लागला होता तेथे बसून तो आपले नाव घेऊन शिव्या देत असेल, अशी कल्पना ते करीत. आणि नवल असे की, त्या कल्पनेत त्यांना एक प्रकारचा विसावा मिळे. शिव्या देणारा कोणी आहे म्हणजे काही तरी फेड चालू आहे, असे वाटे. लग्नकार्यात पापनाशमकडचे लोक भेटले की ते दुसऱ्या पंक्तीला जेवत. एकदा कुंभकोणमच्या बसमध्ये मागून सुब्रमण्यमसारखी मान दिसली, तर ते मधल्याच थांब्यावर उतरले होते आणि उन्हात तासभर उभे राहिले होते.

त्या आठवड्यात त्यांनी ते चित्र रोज उघडले. पट्ट्या उतरत, टोपी, डोळे, कॉलर. मार्गळीत दिसलेला बोथट कोपरा कदाचित डबीच्या कोनातली सावली असेल. कदाचित ते चित्र दुसऱ्या यंत्रावर उतरविले असेल आणि काच मळकट असेल. सातचा नऊ झाला तो दुसऱ्या पारख्याच्या उदार नजरेमुळे झाला असेल. किंवा हॅरल्डने खरोखरच पाते लावले असेल. फट रुंद दिसते; परंतु तिकडे हिवाळ्यात घरात शेगडी पेटवितात असे श्रीकर सांगत असे, मग तेथला पुठ्ठा कोणत्या महिन्यात फुगतो आणि कोणत्या महिन्यात आकसतो? चित्राला वजन नसते. चित्राच्या कडेवर बोट अडत नाही. ते पडद्यावर बोट ठेवून पाहत आणि काचेवरच्या धुळीवाचून बोटाला काही लागत नसे. अखिला हे पाहून हसली नाही. तिने ओल्या फडक्याने पडदा पुसला आणि आपल्या जागी जाऊन बसली.

शनिवारी त्यांनी अभिप्रायाच्या चौकटीत लिहिले की, चित्रावरून हे ठरविता येत नाही. पत्र हाती घेऊन मोजावे. अशा अभिप्रायासाठी त्या तक्त्यात जागाच नव्हती, म्हणून त्यांनी तो इतर सूचनांच्या ओळीत लिहिला. श्रीकर रागावला नाही, पण दुखावला. ठरविता येत नाही असे सांगण्यास तंजावूरचा माणूस कशाला, ते तर दुकानदार स्वतःही म्हणू शकतो, असे तो हळू आवाजात म्हणाला आणि त्याने अभिप्राय तसाच पाठविला. शेषगिरीरावांना वाटले होते की हे लिहिले म्हणजे छातीवरचा दगड उतरेल. जिना उतरून ते रस्त्यावर आले, पानाच्या दुकानापाशी थांबले, आणि त्यांच्या ध्यानात आले की दगड जागचा हललेला नाही. तो हॅरल्डचा नव्हताच.

रविवारी सकाळी पत्नीला कामाचे निमित्त सांगून ते पापनाशमच्या बसमध्ये बसले. अय्यमपेट्टैच्या पुढे दोन्ही बाजूंस शेते पडीक होती, कालव्यात पाणी नव्हते. बोलावयाची वाक्ये ते मनात जुळवीत होते. ती सारी शिव्या ऐकल्यानंतर बोलावयाची होती: प्रथम तो बोलेल, मी मान खाली घालीन, मग मी म्हणेन. घर सापडण्यास अडचण पडली नाही. गिरणीतला पोती शिवणारा मराठीकार, असे सांगताच एका बाईने हात करून दाखविले. सुब्रमण्यम ओसरीवर बसला होता. केस पांढरे झाले होते, देह तसाच. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले, आणि तो उठला तो घाईने, वेष्टीचा सोगा सावरीत.

“शेषगिरी? अरे, वाट चुकलास कीं काय? कामाक्षी, बाहेर ये, कोण आलें पाहा.”

शिव्या आल्या नाहीत. कापी आली, चकलीसारखा मुरुक्कु आला. कामाक्षीने घरच्या माणसांची एकेकाची नावे घेऊन विचारपूस केली. ती मोकळी, हसरी बाई होती. दारात एक मोठा फणस ठेवलेला होता. तो फोडण्यास शेजाऱ्याची वाट पाहत आहोत, असे ती म्हणाली. “आमचे हे विळीपाशीं बसत नाहींत. काकडी चिरायची तरी मीच. एवढे मोठे कापणारे होते म्हणे.” हे ती थट्टेने म्हणाली आणि आत गेली. सुब्रमण्यमही हसला.

“खरें आहे,” तो म्हणाला. “ह्या हाताचा भरंवसा नाहीं. त्या दिवशीं दोनशें कॅट कापले, आणि मला एकदांही कळलें नाहीं रे, कमी जातें आहे म्हणून. कळलें असतें तर वेगळें. कळलेंच नाहीं, त्याचें भय बसलें. शिवकाशीहून पत्र आलें होतें, मोठा छापखाना होता, मी गेलों नाहीं. सुई धरली. सुईनें चुकलें तर पोतें उसवतां येतें.” मग तो शेषगिरीरावांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “तूं होतास म्हणून बरें. दुसऱ्यानें मैत्रीखातर झांकलें असतें. मी हिला नेहमीं सांगतों, शेषगिरीनें खोटें बोलून मला राखलें नाहीं.”

तो हात त्यांच्या गुडघ्यावर होता. शेषगिरीरावांनी त्याकडे पाहिले. बसमध्ये जुळविलेली सारी वाक्ये निरुपयोगी झाली होती, कारण ती एका रागावलेल्या माणसासाठी होती, आणि तो माणूस कोठेही नव्हता. सोळा वर्षे नव्हता. हे आता सांगणे म्हणजे या माणसाच्या हातून त्याची सोळा वर्षे हिसकावून घेऊन, ती व्यर्थ होती असे म्हणून त्याला परत करणे. न सांगणे हे सोपे तर होतेच. या क्षणी ते दयेसारखेही दिसत होते. मासीतल्या त्या दुपारीही ते शहाणपणासारखे दिसले होते. शेषगिरीरावांनी हातातला मुरुक्कु बशीत ठेवला.

“कमी नव्हतें,” ते म्हणाले.

सुब्रमण्यमला कळले नाही.

“तुझी कापणी कमी नव्हती. नमुना फुगला होता. पावसानें. मी त्याच्यावर मोजलें. तुझा हात चुकला नाहीं, सुब्रमण्यम. मोजणी चुकली, ती माझी.”

सुब्रमण्यमने गुडघ्यावरचा हात काढला नाही. तो रस्त्याकडे पाहत होता. रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत पाहत होता. मग त्याने विचारले, “तुला हें कधीं कळलें?”

“मासींत.”

“ह्या मासींत?”

“त्या मासींत. तूं गेलास त्याच्या तीन महिन्यांनीं.”

आता हात निघाला. सुब्रमण्यमने तो आपल्या मांडीवर उताणा ठेवला आणि बोटे एकदा मिटून उघडली. त्याचा स्वर चढला नाही. त्याने फक्त आत हाक मारली, आणि कामाक्षी पदराला हात पुशीत उंबऱ्यावर आली तेव्हा तो म्हणाला, “बैस इथें. शेषगिरी, मला जें सांगितलेंस तें हिलाही सांग. अस्कें सांग, सारें. मासीसकट.”

शेषगिरीरावांनी पहिल्यापासून सांगितले. तळघर, कपाट, पावसाळा, नमुन्यावर अडलेले बोट, मालकाची खोली. आणि मग मासीतले ऊन, चौकटची राणी, आणि आपण गप्प राहिलो ते का. भावाच्या नोकरीविषयीही सांगितले. कामाक्षीने त्यांच्याकडे एकदाही पाहिले नाही. ती नवऱ्याच्या उताण्या हाताकडे पाहत होती. सांगणे संपले. मग तिने नवऱ्याला विचारले, अगदी साध्या आवाजात, जणू घरातली एखादी विसरलेली तारीख विचारावी तसे:

“शिवकाशीचें पत्र कोणत्या महिन्यांत आलें होतें?”

सुब्रमण्यमने थोडा वेळ आठवले. मासीनंतरचा महिना पंगुनी.

“त्याच वर्षीं, पंगुनींत,” तो म्हणाला.

कामाक्षीने मान हलविली. ती उठून आत गेली, आणि ओसरीवर दोघे पुरुष एकमेकांशेजारी, एकाच बाजूस तोंड करून बसून राहिले.

येथवर ज्यांनी धीराने वाचले त्या सर्व वाचकांचे अंतःकरणपूर्वक आभार मानून लेखणी खाली ठेवतो. लेखनात काही न्यून राहिले असल्यास ते माझे समजावे.

— कृष्णमूर्ती व्यंकोजीराव, तंजावूर